चौथा अक्ष टेबलावर बसवताना : हुपरीच्या एका रोलचं प्रकरण

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गाळ्यात तीन लेथ, एक पिलर ड्रिल आणि कोपऱ्यात एक छोटं सीएनसी मिलिंग मशीन आहे. मशीन मूळचं हातानं फिरवायचं बेंच मिल. गाळ्याच्या मालकांनी, सगळे त्यांना काका म्हणतात, त्यात बॉलस्क्रू (टेबल सरकवणारे नेमके स्क्रू) आणि स्टेपर मोटरी (ठरावीक पावलांनी, म्हणजे स्टेपनी, फिरणाऱ्या) घालून घेतल्या. टेबल ५५० बाय १६० मिलिमीटर, त्यात १२ मिलिमीटरचे तीन टी-स्लॉट (बोल्ट अडकवायच्या खाचा). एक्सची (डावी-उजवी) चाल ४००, वायची (पुढं-मागं) १४५. कंट्रोलर म्हणजे जुना डेस्कटॉप आणि त्यावर लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. अशी मशीन मी बरीच पाहिली आहेत. सपाट प्लेटवर कोरीवकाम, छोटे साचे, भोकांचे पॅटर्न ही कामं ती बिनतक्रार करतात.

मला बोलावणं आलं ते रोटरी, म्हणजे काम गोल फिरवणारा चौथा अक्ष, चढवल्यानंतर. हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत चांदीचं काम घरोघरी चालतं. तिथल्या एका कारागिरानं, त्यांना इथं अण्णा म्हणू, पैंजणाच्या पट्टीवर वेलाची नक्षी उठवायला रोल मागितला होता. चांदीची पट्टी दोन रोलांमधून ओढायची, वरच्या रोलवरची नक्षी पट्टीवर उतरते. रोलचा व्यास ६०, कामाचा भाग ४० मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना २५ व्यासाचे जर्नल (बेअरिंगमध्ये बसणारे दांडे), सगळी लांबी १३०. परिघावर वेलाची २४ पानं, म्हणजे दर १५ अंशांना एक. कोरण्याची खोली ०.२० मिलिमीटर, हत्यार ६० अंशांचं व्ही. माल ईएन ३१ (बेअरिंगचं पोलाद), मऊ असतानाच कोरायचा आणि मग हार्डनिंगला पाठवायचा.

काकांनी या कामासाठी बेल्टची रोटरी घेतली. स्टेपर मोटर, १ ला ६ ची बेल्ट-पुली, पुढं काम धरायला ८० मिलिमीटरचा तीन जबड्यांचा चक, सेंटरची उंची ६५, सोबत कामाच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा तसाच टेलस्टॉक. दोन रोल कोरून झाले आणि दोन्ही अण्णांनी परत आणून दिले. अण्णा फारसं बोलले नाहीत. त्यांनी तांब्याच्या पट्टीवर काढलेला ठसा काकांच्या टेबलावर ठेवला आणि अंगठ्याचं नख पट्टीवरून ओढत नेलं. एका जागी नख अडलं.

"ह्यो जोड. दर फेरीला येतोय. गिऱ्हाइकाच्या पायात दिसंल की ह्यो."

ठशात दोष तीन होते, आणि ते एकमेकांत इतके मिसळलेले होते की गाळ्यात प्रत्येकानं आपापलं कारण शोधून ठेवलं होतं. पहिला तो जोड : शेवटचं पान पहिल्या पानाला मिळत नव्हतं, मध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट. दुसरा : वेलाची रेघ डावीकडे जाड, उजवीकडे बारीक. भिंगाखाली मोजली तर डावीकडे ०.२७, उजवीकडे ०.१९. तिसरा : रोल फिरत जाईल तशी तीच रेघ एका बाजूला खोल, समोरच्या बाजूला उथळ. मशीनवरचा मुलगा, आयटीआय करून आलेला, हुशार, म्हणत होता मोटर स्टेप चुकवते. काका म्हणत होते रोटरीच भंगार आली. दोघांचंही म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, पण खरं कारण दोघांच्याही बोटांखालून निसटलं होतं.

आधी जोड घेतला, कारण तो सगळ्यात सोपा. स्टेप चुकते की हिशेब चुकतो, हे दहा फेऱ्यांत कळतं. चकच्या कडेवर स्केचपेननं रेघ मारली, समोर बॉडीवर तिच्या समोरासमोर दुसरी. मग एका दमात ए अक्षाला, म्हणजे रोटरीला, ३६०० अंश सांगितले. थांबल्यावर दोन रेघांमध्ये सव्वासहा मिलिमीटरचं अंतर! पुन्हा शून्यावर आणलं तर रेघा बरोब्बर जुळल्या. म्हणजे मोटर एकही स्टेप चुकवत नव्हती. गेली तशीच परत आली. चूक कायम तेवढीच असेल, तर ती गणितात असते.

२०० स्टेपची मोटर, ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे आठ भाग), म्हणजे एका फेरीला १६००. गुणिले ६, रोटरीच्या एका फेरीला ९६००. भागिले ३६०, अंशाला २६.६६६६… कॅल्क्युलेटरवरून वहीत आणि वहीतून फाइलमध्ये जाताना ते २६.६ झालं होतं. ३६० अंश मागितले की ९६०० ऐवजी ९५७६ स्टेप जायच्या. २४ स्टेप कमी म्हणजे ०.९ अंश कमी, आणि ३० त्रिज्येवर ते ०.४७ मिलिमीटर होतात. अण्णांचं नख याच फटीत अडलं होतं. फाइलमध्ये २६.६६६६६६६७ लिहिलं, पुन्हा दहा फेऱ्या, रेघेवर रेघ. मुलगा जरा खट्टू झाला. मी त्याला म्हटलं, एक्सला १६०० भागिले ५ (स्क्रूच्या एका फेरीतली चाल) असतं, ३२० पूर्णांकात येतं, म्हणून तिथं ही खोड कधी दिसत नाही. गोल अक्षावर दशांशानंतरचे आकडे खाल्ले तर फेरीगणिक उधारी वाढते.

हा भाग अर्ध्या तासात झाला. खरं प्रकरण इथून पुढं.

रोटरी त्यांनी बसवली कशी होती? टेबलाच्या अगदी डाव्या टोकाला. कारण उजवीकडे व्हाइस होता, चांगला वजनदार, आणि तो उतरवायचा नव्हता. व्हाइस एकदा सरळ लावायला त्यांना तासभर लागायचा, म्हणून तो वर्षभर जागचा हलला नव्हता. रोटरी आणि टेलस्टॉक उरलेल्या जागेत दाटीवाटीनं, एकेकाला दोन-दोन क्लॅम्प, आणि सरळपणा गुण्या लावून डोळ्यांनी पाहिलेला. कोल्हापुरात याला 'बसतंय की' म्हणतात.

लहान मशीनवर रोटरी चढवताना लोक तिच्या डब्याकडे बघतात : कुठं मावेल, बोल्ट कुठं येतील. कामाला मात्र तो डबा लागतच नाही. लागते ती चकच्या पोटातून टेलस्टॉकच्या टोकापर्यंत जाणारी एक रेघ, जी कुठंच दिसत नाही. ती एक्सच्या चालीला वरून आणि बाजूनं, दोन्हीकडून समांतर हवी. रेघ दिसत नसेल तर मोजायची कशी, इथंच पुष्कळांची गाडी अडते. चकमध्ये एखादा बार धरतात, त्यावर डायल (बारीक फरक काट्यानं दाखवणारं माप) फिरवतात, डायल जे दाखवेल तो रोटरीचा वाकडेपणा समजून मॅलेटनं ठोकत बसतात. पण तीन जबड्यांच्या चकमध्ये बार सरळ बसेलच असं कुणी सांगितलं? डायलला बारचा वाकडेपणा आणि अक्षाचा वाकडेपणा एकत्रच दिसतो.

दोन्ही वेगळे करायची रीत जुनी आणि सोपी आहे. २० व्यासाचा ग्राउंड बार चकमध्ये धरला, टेलस्टॉक लावला नाही. डायलचा स्टँड स्पिंडलच्या (हत्यार फिरवणाऱ्या दांड्याच्या) हेडला, टोक बारच्या माथ्यावर, चकजवळ. वाचन शून्यावर घेतलं. रोटरी १८० अंश फिरवली : उणे ०.०६. दोन्हींची सरासरी उणे ०.०३. मग एक्स १०० मिलिमीटर सरकवून तेच केलं. आता पहिलं वाचन अधिक ०.०२, फिरवल्यावर उणे ०.१६. सरासरी उणे ०.०७. बार कसाही तिरका बसलेला असो, अर्ध्या फेरीत तो जेवढा वर असतो तेवढाच खाली जातो, म्हणून सरासरीत त्याचा वाकडेपणा उडून जातो आणि उरते ती फिरण्याची रेघ. ती १०० मिलिमीटरमध्ये ०.०४ खाली झुकत होती. बार मात्र टोकाला ०.१८ नाचत होता. नुसता डायल बघून ठोकाठोकी केली असती तर त्या ०.१८ च्या मागं दिवस गेला असता.

चकजवळचं ते ०.०६ म्हणजे तिसऱ्या दोषाचं उत्तर. रोल ज्या चकमध्ये ०.०६ नाचतो, त्यावर ०.२० खोलीची नक्षी एका बाजूला खोल आणि समोर उथळ येणारच. ६० अंशांच्या व्ही हत्यारात खोली ०.०६ नं बदलली की रेघेची रुंदी जवळपास ०.०७ नं बदलते. चांदीवर प्रकाश पडला की एवढा फरक कुणालाही दिसतो, कारागिराला तर अंधारातही कळेल.

आता ०.०४ चा झुकाव कुठून आला? इथं मी एक गोष्ट करायला सांगतो, जी लोकांना करवत नाही : आवळलेलं सैल करायचं. डायल रोटरीच्या बेअरिंग हाउसिंगवर टेकवला आणि मुलाला म्हटलं, एकेक क्लॅम्प हळूहळू ढिला कर. पहिल्याला काटा हलला नाही. दुसऱ्याला, डाव्या मागच्या, काटा तीन रेघा चढला. एक रेघ ०.०१ ची. म्हणजे तळ टेबलावर पूर्ण बसत नव्हता आणि क्लॅम्प त्याला वाकवून बसवत होता. रोटरी उलटी करून सरफेस प्लेटवर (तंतोतंत सपाट ताटावर) निळं लावून घासली, म्हणजे तळ जिथं टेकतो तिथंच रंग उठतो. ॲल्युमिनियमच्या तळावर निळं उठलं ते तीन ठिकाणी : दोन कोपरे आणि मध्ये एक ठिपका. तीन पायांचं स्टूल कुठंही बसतं. पण चौथ्या कोपऱ्यावर क्लॅम्प मारला तर ते पुढं झुकतंच. काका बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत होते. "कंपनीतनंच असं आलंय म्हणा की," एवढंच म्हणाले.

क्लॅम्प ढिले ठेवून पुन्हा सरासरीची मोजणी केली तर झुकाव १०० ला ०.०१ वर आला. तोही जाईना, म्हणून डायल थेट टेबलाच्या माथ्यावर टेकवून एक्स ३०० मिलिमीटर चालवला. काटा ०.०३ उतरला. म्हणजे आता रोटरीचा यात काही संबंध नव्हता, टेबलच चालताना कलत होतं. रोल टेबलाच्या डाव्या टोकाला, म्हणून तो स्पिंडलखाली आणायला टेबल पार उजवीकडे न्यावं लागायचं, आणि उजव्या टोकाला तो वजनदार व्हाइस हवेत लटकायचा. गिबमध्ये (टेबलाच्या सरकपट्टीतली ढील काढणाऱ्या पट्टीत) थोडी जरी ढील असेल तर टेबल सी-सॉ होतं. व्हाइस उतरवला, पुन्हा मोजलं : ०.०१. काकांचा चेहरा उतरला, कारण व्हाइस न हलवण्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता.

शेवटी टेलस्टॉक. त्याची सेंटरची उंची रोटरीच्या उंचीशी ताडून पाहिली तर ०.१९ कमी. पेटीवर दोघांवरही ६५ लिहिलेलं होतं, आणि एवढ्या किमतीच्या मालात ते ६५ म्हणजे साधारण ६५ असंच धरायचं असतं. चक आणि टेलस्टॉक यांत ११० मिलिमीटर अंतर. रोल टेलस्टॉककडे ०.१९ खाली ओढला जातो, म्हणजे ४० मिलिमीटरच्या रुंदीत जवळजवळ ०.०७. रेघेच्या रुंदीत ते ०.०८ होतात. डावीकडे ०.२७, उजवीकडे ०.१९ : हिशेब जुळला. त्यात तळाच्या वाकण्याचाही वाटा असणार, पण चकमध्ये घट्ट धरलेला आणि सेंटरनं दाबलेला रोल दोन्हीच्या ओढाताणीत नेमका कुठं थांबतो, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगायचा मी प्रयत्न करत नाही.

बाजूचा, म्हणजे वायमधला, तिरकेपणा मोजला तेव्हा ११० मध्ये ०.१२ निघाला. गंमत अशी की त्याचा खोलीवर काहीच परिणाम नव्हता. ३० त्रिज्येच्या रोलवर हत्यार मध्यरेषेपासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलं तरी पृष्ठभाग फक्त चार मायक्रॉन खाली जातो. वायची चूक खोलीत लपते आणि नक्षीत निघते. वेलाचा देठ जो रोलच्या लांबीला सरळ हवा, तो किंचित पिळल्यासारखा येतो. वेलाच्या नक्षीत ते खपून गेलं. तिथं सरळ पट्ट्यांचं डिझाइन असतं तर अण्णांनी ठशावर चौथं बोट ठेवलं असतं.

मग उपाय काय? शिम (उंची भरायचे पातळ पत्रे) लावायच्या, ठोकून सरळ करायची आणि रोल कोरायचा, हे त्या दिवशीच जमलं असतं. मुलानं तेच सुचवलं. पण या टेबलावर रोटरी कायम राहणार नव्हती. आठवड्यातले चार दिवस प्लेटची कामं असतात, रोटरी उतरवावीच लागते. एकदा चढवणं कुणालाही जमतं. अवघड आहे ते दर आठवड्याला उतरवून पुन्हा त्याच जागी चढवणं, आणि तेही अर्धा दिवस न घालवता. म्हणून ठरलं की रोटरी आणि टेलस्टॉक एका जाड प्लेटवर कायमचे बसवायचे आणि टेबलावर चढेल-उतरेल ती प्लेट.

प्लेट कशाची? बाजारातली जाड एमएस प्लेट स्वस्त असते, पण एका बाजूची कातडी काढली की ती पापडासारखी वळते. दोन्ही बाजू आळीपाळीनं थोड्या-थोड्या घ्याव्या लागतात आणि तरी खात्री नसते. उद्यमनगरात राहून बिडाकडे (ओतीव लोखंडाकडे) दुर्लक्ष करणं म्हणजे नदीकाठी राहून पाणी विकत घेण्यासारखं. शेजारच्या गाळ्याच्या मागं जुन्या मशीनचं एक बिडाचं ताट कित्येक पावसाळे खात पडलं होतं. असं ऊन-पावसात पडून राहिलेलं ओतीव अंगातला ताण थोडाफार सोडून बसलेलं असतं. ते कापून, शेपरवर दोन्ही बाजू काढून ४०० बाय १३० बाय २० चं केलं. वजन साडेसात किलो. एक माणूस उचलून ठेवू शकतो, हे महत्त्वाचं. खालच्या बाजूला मधला भाग अर्धा मिलिमीटर खोल काढला, म्हणजे प्लेट टेबलावर फक्त दोन टोकांच्या पट्ट्यांवर टेकते आणि मध्ये चिप अडकून डुगडुगत नाही.

खाली दोन चाव्या (स्लॉटमध्ये बसणारे ठोकळे), ३०० मिलिमीटर अंतरावर, टेबलाच्या मधल्या स्लॉटसाठी. स्लॉट मोजला तर १२.०६. चाव्या १२.०० च्या केल्या. घट्ट बसवायच्या नादात हातोडी लागेल अशा चाव्या करू नयेत, बिडाच्या स्लॉटची कड उडते. ०.०६ ची ढील आहे, मग पुन्हा तोच तिरकेपणा येणार नाही का? येईल, जर प्लेट एकदा इकडं आणि एकदा तिकडं टेकली तर. म्हणून नियम : प्लेट ठेवायची, दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढायची, ओढलेली असतानाच एम १० चे चारही टी-बोल्ट हातानं लावायचे, आणि मग तिरक्या क्रमानं आवळायचे. दोन्ही चाव्या दर वेळी स्लॉटच्या एकाच कडेला टेकतात आणि ढिलीचा प्रश्नच उरत नाही.

प्लेट टेबलाच्या मध्यावर अशी बसवली की रोलची मधली रेघ टेबलाच्या मधोमध येईल. आवळण्याआधी वाय हातानं दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिला. रोटरीची मोटर मागच्या बाजूला निघते आणि कॉलमपर्यंत फक्त ११ मिलिमीटर उरतात. झेडला (वर-खाली) अडचण नव्हती.

आता या सगळ्या कामातला मला सर्वात आवडणारा भाग. प्लेट टेबलावर आवळलेली असतानाच तिचा माथा याच मशीननं फेस केला, म्हणजे कापून सपाट केला. टेबल कुठं उंच, कुठं खोल, स्लॉट एक्सला किती तिरका, या सगळ्यांचा निवाडा एका हातात होऊन जातो. कारण जी एक्सची चाल पुढं रोल कोरणार आहे, तीच चाल रोटरीची बैठक कापते. आणि हे करताना टेलस्टॉकची बैठक रोटरीच्या बैठकीपेक्षा ०.१९ उंच ठेवली. तिथं कटर ०.१९ वर उचलून पास घेतला, बस्स. शिम लागली नाही. शिम तात्पुरती चांगली, पण दुसऱ्यांदा बसवताना ती सापडत नाही, किंवा तिच्या जोडीला चहाच्या पुडीचा कागद येतो. पुढच्या बाजूला दोन्ही बैठकींना एक्सच्या चालीनंच एक सरळ खांदा काढला.

रोटरीचा तळ निळं लावून, बारीक कानस आणि स्क्रेपरनं दीड तासात चारही कोपऱ्यांवर आणला. पुन्हा क्लॅम्प ढिला-घट्ट करून डायल पाहिला. काटा अर्धी रेघही हलला नाही. मग रोटरी खांद्याला टेकवली, बार लावला, १८० अंशांच्या सरासरीनं बाजूचा तिरकेपणा काढला. खांद्याला टेकवूनही १०० ला ०.०२ निघाला, कारण रोटरीच्या बॉडीची कड तिच्या स्वतःच्या अक्षाला समांतर असेल असं काही नाही. ती हलकेच फिरवून शून्यावर आणली, आवळली, आणि तेव्हा कुठं बॉडीतून प्लेटमध्ये ६ मिलिमीटरची दोन भोकं ड्रिल आणि रीम करून डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना) मारल्या. हा क्रम उलटा केलेली माणसं मला भेटली आहेत. डॉवेल आधी मारली की वाकडेपणा कायमचा पक्का होतो. टेलस्टॉकचंही असंच, फक्त बार दोन सेंटरमध्ये धरून.

चकचं काय? तीन जबड्यांचा काढून चार स्वतंत्र जबड्यांचा लावला. रोलच्या ग्राइंड केलेल्या मुख्य भागावर डायल टेकवून एकेक जबडा सारत ०.०१ च्या आत आणायचा. मुलाला पहिल्यांदा पाऊण तास लागला, आता दहा मिनिटांत करतो. शिवाय जर्नलभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं घालून त्यावर जबडे आवळायला सांगितलं. जबडे पूर्ण लांबीनं धरतात तेव्हा रोल त्यांच्या म्हणण्याप्रमाणं तिरका होतो. तारेच्या एका रेघेवर धरला की तो तिथं किंचित वळू शकतो आणि टेलस्टॉकचं सेंटर त्याला आपल्या जागी आणतं. ओढाताण संपते. लेथवरच्या जुन्या कारागिरांची ही युक्ती आहे. काकांना ती माहीत होती, पण लेथवर. मिलिंगवर तिची आठवण झाली नव्हती.

शून्य कुठं धरायचं हेही पक्कं केलं. बारला पुढून आणि मागून एज फाइंडर (कड शोधायचं साधन) लावून वायची मध्यरेषा काढली, माथ्याला टेकून त्यातून १० वजा करून झेडचं शून्य थेट अक्षावर घेतलं, आणि ते जी ५५ या कप्प्यात ठेवलं, जिथं कंट्रोलर शून्याची जागा लक्षात ठेवतो. जी ५४ व्हाइसचा. तो आता उतरवता-चढवता यावा म्हणून त्याच्याही खाली चाव्या आहेत. काकांनी स्वतःहून करून घेतल्या.

एक भानगड सांगायची राहिली. फिरण्याची दिशा. पहिल्या दोन रोलांवर वेलाची पानं ठशात योग्य बाजूला वळलेली होती, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. मी ए अक्षाची दिशा तपासली तर उलटी. मग ठसा बरोबर कसा? रोलवर नक्षी आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागते आणि मुलगा कॅममध्ये (चित्रावरून मशीनचा प्रोग्रॅम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ती उलटी करायला विसरला होता. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. आम्ही दिशा सुधारली आणि पुढच्याच चाचणीत पानं उलटी आली. ती चाचणी वाया गेलेल्या रोलवरच होती म्हणून बरं.

आणि फीड, म्हणजे हत्यार कापत पुढं जायचा वेग. प्रोग्रॅममध्ये तो एफ नं सांगतात. तिसऱ्या चाचणीत व्हीचं टोक मोडलं, मशीनवर कसलाही धक्का न बसता. लिनक्ससीएनसीत नेहमीच्या जी ९४ या फीडच्या पद्धतीत नुसता ए फिरत असेल तर एफ म्हणजे मिनिटाला अंश, आणि एक्स-वाय-झेड यांपैकी एखादाही सोबत हलत असेल तर एफ त्या सरळ अक्षांना लागतो, ए फक्त त्यांच्याबरोबर वेळेत पोचतो. वेलाच्या वळणावर एक्स हलायचा जेमतेम दोन शतांश आणि ए फिरायचा तीन अंश. तो दोन शतांश एफच्या वेगानं पुरा करायचा म्हणून ए जीव खाऊन पळायचा. ३० त्रिज्येवर एक अंश म्हणजे ०.५२ मिलिमीटर, तेव्हा हत्याराला खरोखर किती वेग लागला ते बघा. पोस्टमध्ये (कॅमचा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणाऱ्या भागात) जी ९३ घातला, ज्यात प्रत्येक ओळीला किती वेळात संपवायचं ते सांगितलं जातं. त्यानंतर टोक मोडलं नाही.

प्लेट पाच वेळा उतरवून चढवली, दर वेळी बारवर डायल घेतला. वरून वाचनातला फरक ०.०१ च्या आत, बाजूनं ०.०१५. उतरवणं-चढवणं, डायलसकट, पंधरा मिनिटं. आधी यालाच सकाळ जायची.

नवा रोल कोरला. ४० मिलिमीटरच्या रुंदीत माथ्याचा फरक ०.००८, वेलाची रेघ दोन्ही कडांना ०.२३, भिंगाखाली एखादा शतांश इकडं-तिकडं. अण्णा आले, तांब्याची पट्टी खिशातून काढली, हातयंत्रावरच ठसा घेतला. नख ओढलं. पुन्हा उलट बाजूनं ओढलं. मग पट्टी उन्हाकडे धरून बराच वेळ पानं मोजत राहिले.

"जोड कुठं घातलायसा?"

काकांनी दाखवला नाही. पुढचे दोन रोल तिथंच ठरले, भाव मात्र अण्णांनी जुनाच धरला.

एक खोड अजून तशीच आहे. टेलस्टॉकचं क्विल (सेंटर पुढं-मागं सरकवणारी नळी) लॉक केलं की टोक पंधरा मायक्रॉन वर उचलतं. क्विल आणि बॉडी यांतली ढील आहे, ती काढायची तर टेलस्टॉकचं भोक नव्यानं बोअर करून बुश घालावं लागेल. ०.२० खोलीच्या नक्षीला ते परवडतं, म्हणून सध्या हात लावलेला नाही. मुलानं प्लेटवर टेलस्टॉकशेजारी पंचनं अक्षरं ठोकली आहेत : 'लॉक करून मग डायल'.